वीज गेल्यावर आजी-आजोबांच्या इमारतीत काय काय चालू राहायला हवं

मुंबईत वीज क्वचित जाते, आणि ज्येष्ठांच्या इमारतीला खरा धोका त्यातच आहे. माझं गाव चिपळूणजवळ. तिथे पावसाळ्यात वीज सारखी येते-जाते, त्यामुळे घरोघरी इन्व्हर्टर रोजच्या वापरात असतो, बॅटरीतलं पाणी कुणीतरी बघत असतं आणि बॅटरी-टॉर्च कुठे ठेवलीय हे अंधारातही हाताला माहीत असतं. मुंबईत इन्व्हर्टर महिनोन् महिने नुसता चार्ज होत पडून राहतो, सोसायटीचा जनरेटर पत्र्याखाली उभा असतो आणि ज्या दिवशी गरज लागते त्या दिवशी दोन्ही दगा देतात. पर्यायी विजेवर पैसे खर्च केलेल्या इमारतीही मी अंधारात बसलेल्या पाहिल्या आहेत. यंत्र कोणतं घ्यायचं ते मी पुढे सांगणारच आहे, पण या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम ते यंत्र जिवंत ठेवण्याचं आहे.

मी परळच्या एका मोठ्या रुग्णालयातून इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. राहतो मुलुंड पूर्वेला. आमची इमारत सात मजल्यांची, अठ्ठावीस घरांची. निम्म्याहून जास्त घरांत फक्त सत्तरीपुढची माणसं आहेत, मुलं पुण्याला, बंगळुरूला नाहीतर परदेशात. कमिटीत विजेचं काम माझ्याकडे आहे.

यादी माणसांची, मग यंत्रांची

जनरेटरचं कोटेशन मागवण्याआधी एक वही घ्या आणि घरोघरी जा. रुग्णालयात आम्ही विजेवर चालणाऱ्या गोष्टींचे वर्ग पाडायचो: एक क्षणही बंद पडून चालणार नाही अशा, काही मिनिटं थांबू शकणाऱ्या, आणि तासभर बंद राहिल्या तरी चालणाऱ्या. हीच पद्धत इमारतीला लावायची, फक्त इथे वर्ग यंत्राचा नसून त्या घरातल्या माणसाचा असतो. दोन घरांत एकाच कंपनीचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं मशीन, असू शकतं. एका घरातले आजोबा ते रात्री झोपताना लावतात, दुसऱ्या घरातल्या काकूंना ते दिवसभर लागतं. दोघांची निकड सारखी नाही.

त्यासाठी घरच्यांनी आपल्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा: हे मशीन बंद पडलं तर माणूस किती वेळ सुखरूप राहील? उत्तर मिनिटांत घ्यावं आणि वहीत त्या घरापुढे लिहावं. घरी व्हेंटिलेटर असेल तर इमारतीच्या कोणत्याही सोयीवर विसंबू नका. मशीनची स्वतःची बॅटरी, हाताने दाबायची अंबू बॅग, ती वापरायला शिकलेला माणूस आणि कोणत्या रुग्णालयात न्यायचं हे ठरलेलं, एवढं त्या घरात आधीपासून हवंच.

वहीत आणखी काही गोष्टी येतात, ज्या कुणी आपणहून सांगत नाही. कोणाला ऐकू कमी येतं? जिना कोण उतरू शकत नाही? कोण एकटं राहतं, आणि त्यांच्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे? वीज गेली की दारावरची बेल वाजत नाही, इंटरकॉमही बंद पडू शकतो. शेजाऱ्याने दार ठोठावलं आणि आतल्या माणसाला ऐकूच आलं नाही, तर किल्लीशिवाय काही करता येत नाही. आमच्याकडे प्रत्येक मजल्यावर एक माणूस ठरलेला आहे. वीज गेल्यावर दहा मिनिटांच्या आत त्याने आपल्या मजल्यावरच्या सगळ्या घरांत जाऊन तोंड बघून यायचं. या व्यवस्थेला एक पैसा लागत नाही, आणि ती जनरेटरच्या आधी सुरू करता येते.

घराच्या आतली सोय

आधी प्रकाश. माझ्या पाहण्यात वीज गेलेल्या रात्री म्हाताऱ्या माणसांना सगळ्यात जास्त इजा होते ती पडून, आणि तीही पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर. वीज गेली की आपोआप पेटणारे रिचार्जेबल एलईडी बल्ब मिळतात, साध्याच होल्डरमध्ये बसतात. एक झोपायच्या खोलीत, एक बाथरूमच्या दाराशी. मात्र भिंतीवरचं बटण चालू असेल तरच हा बल्ब चार्ज होतो आणि वेळेला पेटतो, आणि आपली पिढी दिसेल ते बटण बंद करते. त्या बटणावर चिकटपट्टी लावून टाका. उशीजवळ छोटी टॉर्च ठेवा. मेणबत्ती नको. घरात ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती, निरांजन, समई, उदबत्ती यांतलं काहीही त्या खोलीत लावायचं नाही. ऑक्सिजनच्या सान्निध्यात कापड आणि केस भराभर पेट घेतात. देवघर त्याच खोलीत असेल तर देवापुढे सेलवरचा दिवा ठेवा, देवाला चालतं.

मग इन्व्हर्टर. बाजारात सहज मिळणारी जोडी म्हणजे ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासाची ट्युब्युलर बॅटरी. कागदावर १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॉट-तास होतात. प्रत्यक्षात बॅटरी पूर्ण रिकामी करता येत नाही आणि इन्व्हर्टरमध्येही थोडी वीज वाया जाते, म्हणून ११०० ते १२०० धरा. मिनिटाला पाच लिटर देणारं कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॉट घेतं. म्हणजे ते एकटंच चालवलं तर तीन तासांच्या थोडं वर, बरोबर पंखा, दिवे आणि राउटर असेल तर अडीच तास. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर त्याहूनही कमी. फक्त पंखा आणि दिवा जोडला तर हीच बॅटरी दहा तास जाते. हे गणित प्रत्येक घराने आपल्या मशीनच्या पाठीवर लिहिलेले वॉट घेऊन स्वतः करावं. दुकानदार ‘आठ तास सहज’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर पंखा असतो, कॉन्सन्ट्रेटर नाही.

घेताना ‘प्युअर साइन वेव्ह’ असंच मागा. स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर स्वस्त पडतो, पण त्यावर मोटर आणि कॉम्प्रेसर गुरगुरतात, तापतात आणि वैद्यकीय उपकरणं बिघडू शकतात. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं, त्यावर यूपीएस आणि नॉर्मल असं लिहिलेलं असतं. ज्या घरात सीपॅप, बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारी मशीन) किंवा कॉन्सन्ट्रेटर आहे तिथे ते यूपीएसवर ठेवा, म्हणजे वीज जाताच बदल इतका झटकन होतो की मशीन बंद पडत नाही. गीझर, इस्त्री, मायक्रोवेव्ह आणि एसी त्या लाईनवर घ्यायचे नाहीत.

सतत ऑक्सिजन लागणाऱ्या घरात इन्व्हर्टर हा पहिला आधार, शेवटचा नव्हे. शेवटचा आधार सिलिंडर, कारण त्याला वीजच लागत नाही. बी टाइपच्या लहान सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटरने तो बारा तास पुरतो, चार लिटरने सहा तास. रेग्युलेटर आणि फ्लोमीटर आधीच बसवून ठेवा, पाना दोरीने सिलिंडरलाच बांधा, आणि सिलिंडर भिंतीला साखळीने अडकवा. व्हॉल्व्हला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नका. आणि दर महिन्याला काटा बघा. न वापरलेला सिलिंडरही हळूहळू गळून रिकामा होऊ शकतो.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या हवेच्या गादीचा पंप जेमतेम पाच-दहा वॉट घेतो, म्हणून त्याला कोणी मोजत नाही. तो बंद पडला तर काही तासांत पाठीवर दाब येऊ लागतो. त्याला इन्व्हर्टरवर घ्या, आणि वीज नसेल तेव्हा दर दोन तासांनी कूस बदलायची हे सांभाळणाऱ्या बाईंना सांगून ठेवा. फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतला गारवा चारेक तास टिकतो, तेव्हा इन्सुलिनसाठी घाबरू नका. वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन तर तसंही बाहेर चालतं, त्याच्या पत्रकावर किती दिवस आणि किती तापमानाला ते छापलेलं असतं. पिण्याचं पाणी मात्र भरून ठेवा, आरओ बंद पडतो.

फोनबद्दल एक सांगायला हवं. पूर्वीच्या तांब्याच्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची. आताच्या फायबरच्या डब्याला घरातली वीज लागते. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. मोबाइल टॉवरची बॅटरीही काही तासांचीच असते, म्हणून वीज गेल्या गेल्या मुलांशी व्हिडिओ कॉल करत बसू नका. एक मेसेज टाका आणि चार्जिंग राखा.

इमारतीची सोय: लिफ्ट, पाणी आणि लाल पॉइंट

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ मुलुंडकरांना आठवत असेल. दहाच्या सुमाराला कळवा-पडघा भागातल्या उच्चदाबाच्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या, मुंबईला बाकीच्या ग्रिडपासून अलग काढून स्वतःच्या वीजकेंद्रांवर चालवणारी व्यवस्थाही टिकली नाही, आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम थांबलं. लोकल उभ्या राहिल्या. शहराच्या बऱ्याच भागात दुपारपर्यंत वीज आली, पण काही भागांत यायला रात्र झाली. तेव्हा घरातला अडीच तासांचा इन्व्हर्टर पुरेसा नाही, इमारतीचीही काही सोय हवी. एरवी मुंबईत वीज जाते ती बहुधा पावसाळ्यात जमिनीखालच्या केबलमध्ये बिघाड होऊन, आणि तासा-दोन तासांत येते.

लिफ्टला सगळ्यात आधी एआरडी बसवा. वीज गेली की हा बॅटरीवरचा संच लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणतो आणि दार उघडतो. तो लिफ्ट पुढे चालवत नाही, फक्त आतल्या माणसाला बाहेर काढतो, पण म्हाताऱ्या माणसासाठी तेच मोलाचं. त्याच्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत संपतात आणि संपल्याचं कोणाला कळत नाही. लिफ्टच्या देखभालीच्या करारात त्यांची तारीख लिहून घ्या. आणि दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली तर वॉचमनने दार उघडून माणसाला ओढून काढायचं नाही. लिफ्टच्या तळाखालून खड्ड्यात पडून माणसं जीव गमावतात. आतल्या माणसाशी बोलत राहायचं, पंखा बंद असला तरी हवा पुरते हे सांगायचं आणि लिफ्टवाल्याची किंवा अग्निशमन दलाची वाट बघायची.

जनरेटर केवढा घ्यायचा? आमच्या इमारतीचा हिशेब नमुन्यादाखल देतो. एका लिफ्टची मोटर साडेसात किलोवॉट, पाण्याचा पाच अश्वशक्तीचा पंप पावणेचार किलोवॉट, जिना, फाटक आणि आवारातले दिवे दोन किलोवॉट. याखेरीज प्रत्येक घरात एक लाल पॉइंट. रुग्णालयात जनरेटरवरचे सॉकेट लाल रंगाचे असायचे, ती सवय मी इथे आणली. प्रत्येक घराला एकच पॉइंट, त्याला दोन अँपिअरची सी-कर्व्ह एमसीबी (मोटर सुरू होतानाचा झटका सोसणारा, पण जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच), म्हणजे सुमारे ४५० वॉट. त्यावर कॉन्सन्ट्रेटर चालतं किंवा इन्व्हर्टर चार्ज होतो, पण गीझर लावला तर एमसीबी पडते. अठ्ठावीस घरांचे साडेबारा किलोवॉट धरले तर सगळं मिळून सव्वीस किलोवॉटच्या आसपास जातं. जनरेटरची क्षमता केव्हीएमध्ये मोजतात, म्हणून किलोवॉटला ०.८ पॉवर फॅक्टरने भागलं की साडेबत्तीस केव्हीए. लिफ्ट सुरू होताना जो झटका घेते त्याची जागा ठेवून ४० केव्हीए, आणि लिफ्ट चालू असताना पंप सुरू होणार नाही असं इंटरलॉक. मोठा जनरेटर घेऊन कमी लोडवर चालवणं हे लहान जनरेटरइतकंच वाईट. कमी लोडवर डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते आणि इंजिन खराब होतं. उंच इमारतीत फायर पंपही जनरेटरवर असतो. तिथला हिशेब मोठा होतो, तो परवानाधारक फायर एजन्सीकडूनच करून घ्या.

४० केव्हीएचा जनरेटर निम्म्या लोडवर तासाला चार-पाच लिटर डिझेल पितो. १ जुलै २०२३ पासून नव्या जनरेटरना सीपीसीबी (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) चार-प्लस हे धुराचे निकष लागू आहेत, तेव्हा कोणी जुना माल स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. धुराडं इमारतीच्या उंचीच्या वर जावं लागतं, किती वर तर केव्हीएच्या वर्गमुळाला ०.२ ने गुणून येईल तेवढे मीटर. ४० केव्हीएला सव्वा मीटर. हे धुराडं कोणाच्या खिडकीशी संपवलं तर ज्या दमेकऱ्यासाठी जनरेटर आणला त्यालाच तो घातक ठरेल. घरच्या बाल्कनीत छोटा पेट्रोल जनरेटर लावणं तर पूर्ण वर्ज्य. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही.

जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराकडूनच, आणि चेंजओव्हर (बाहेरची वीज आणि जनरेटर यांत अदलाबदल करणारा स्विच) चार पोलचा, म्हणजे न्यूट्रलसकट वेगळा होणारा. जनरेटरची वीज चुकून बाहेरच्या केबलमध्ये गेली तर रस्त्यावर दुरुस्ती करणारा लाईनमन मरू शकतो. इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टरची तपासणी टाळू नका. ज्येष्ठांच्या इमारतीत एएमएफ पॅनलचा जास्तीचा खर्च करा, म्हणजे वीज जाताच जनरेटर आपोआप सुरू होतो. रात्री दोन वाजता वॉचमनने उठून चावी फिरवावी यावर कोणाचा श्वास अवलंबून ठेवू नये.

जागा निवडताना २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरांत कित्येक ठिकाणी तळमजल्यावरच्या मीटर-खोल्याच पाण्याखाली गेल्या. जनरेटर आणि त्याचं पॅनल तुमच्या आवारात आजवर चढलेल्या सर्वांत वरच्या पाण्यापेक्षा किमान हातभर उंच चौथऱ्यावर हवं. जुन्या रहिवाशांना विचारा, भिंतीवरची ती खूण त्यांना माहीत असते.

ज्यांच्याकडे जनरेटरला जागाच नाही त्यांनी लिथियम बॅटरीवरचा लिफ्ट इन्व्हर्टर बघावा. मध्यम उंचीच्या इमारतीत एक लिफ्ट काही फेऱ्या चालवायला तो पुरतो, आणि धूर नाही. गच्चीवर सोलर असलेल्यांनी एक नीट समजून घ्या: साधं ग्रिडला जोडलेलं सोलर वीज गेल्यावर स्वतःही बंद होतं, तशीच त्याची रचना आहे. अंधारात उपयोग हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावीच लागते.

पैशाचा विषय सर्वसाधारण सभेत निघतो तेव्हा तळमजल्यावरचे सभासद म्हणतात, आम्हाला लिफ्ट लागत नाही. आदर्श उपविधींनुसार लिफ्टचा खर्च लिफ्ट असलेल्या इमारतीतल्या सगळ्यांवर सारखाच असतो, वापर असो वा नसो. पण मला वाटतं, नियम दाखवण्याआधी ती वही दाखवावी, नावं वाचून नाही, नुसते आकडे: इतकी घरं, इतकी माणसं जिना न उतरू शकणारी, इतकी ऑक्सिजनवर. आमच्याकडे लाल पॉइंटमुळे तळमजल्यालाही वाटा मिळाला आणि ठराव झाला.

महिन्याचा पहिला रविवार

जनरेटरची नुसती चावी फिरवून दोन मिनिटं घरघर ऐकणं ही चाचणी नव्हे. महिन्यातून एकदा, सगळ्यांना आदल्या दिवशी सांगून, सकाळी अकरा वाजता मुख्य स्विच खरोखर बंद करा. एआरडीने लिफ्ट दारापर्यंत आणली का बघा, मग जनरेटरवर लिफ्ट, पंप आणि लाल पॉइंट असा खरा लोड अर्धा तास ठेवा. लोड क्षमतेच्या तीस टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. मजल्यावरच्या माणसाने त्याच वेळी घरोघरी जाऊन यायचं. आजी-आजोबांनाही कळतं की अंधार झाला तर काय काय चालू राहतं, त्यांची धास्ती कमी होते.

जनरेटर सुरू न होण्याचं सगळ्यात मोठं कारण त्याची स्टार्टर बॅटरी असते, इंजिन नव्हे. तिला कायमचा चार्जर हवा आणि चार्जरचा दिवा लागलेला आहे का हे वॉचमनने रोज बघावं. डिझेल वर्षानुवर्षं पडून राहिलं की मुंबईच्या दमट हवेत टाकीत पाणी साचतं, म्हणून फिल्टरखालचा नळ सोडून पाणी काढायचं आणि वर्षातून एकदा डिझेल वापरून संपवून ताजं भरायचं. कॅन भरून मीटर-खोलीत ठेवायचे नाहीत.

घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत दोन-तीन महिन्यांनी पाणी बघायचं, घालायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. टोकांवर हिरवट-पांढरा थर आला असेल तर प्लग काढून, पुसून, व्हॅसलीन लावायचं. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिला बंद कपाटात किंवा पलंगाखाली कोंडू नका. ज्या आजी-आजोबांना वाकता येत नाही त्यांच्या घरची ही कामं आम्ही पहिल्या रविवारीच उरकतो, इमारतीतली कॉलेजची दोन मुलं डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणि नरसाळं घेऊन फिरतात.

प्रत्येक घराच्या दाराआड एक कागद लावा, अक्षरं मोठी. त्यावर तुमच्या वीज कंपनीचा नंबर: महावितरणचा १९१२, अदानीचा १९१२२, टाटा पॉवरचा १९१२३, बेस्टच्या ग्राहकांनी बिलावरून आपल्या वॉर्डचा नंबर उतरवावा. ग्राहक क्रमांकही लिहा, फोनवर तोच आधी विचारतात. रुग्णवाहिका १०८, आपत्कालीन मदत ११२, महापालिकेचा आपत्ती कक्ष १९१६, ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. मोबाइल नंबर वीज कंपनीकडे नोंदवलेला असेल तर ठरवून बंद ठेवलेल्या पुरवठ्याचा मेसेज येतो. पुष्कळ आजी-आजोबांच्या नावावरचा नंबर परदेशातल्या मुलाचा असतो, तो बदलून घ्या.

चाचणीची वही जनरेटरजवळच लटकवून ठेवा. तारीख, वीज बंद केल्यापासून जनरेटर किती सेकंदांत आला, लिफ्ट कोणत्या मजल्यावर येऊन उघडली, टाकीत किती डिझेल, कोणत्या घराचा लाल पॉइंट चालला नाही, आणि ते दुरुस्त कधी झालं. शेवटचा रकाना रिकामा असेल तर पुढच्या कमिटी बैठकीचा पहिला विषय तोच घ्या.